राखून ठेवलेले घड

प्रिय धनेश,

आधीच सांगते, घरात सगळे सुखरूप आहेत, तेव्हा उगीच जीव टांगणीला लावून वाचू नकोस. मंगळवारी दुपारी आपल्या सांडोरला वादळ झालं. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून आभाळ काळंभोर चढून आलं, विजा कडाडायला लागल्या आणि असा वारा सुटला की शेजारच्या हेलनमावशींच्या पडवीचे पत्रे आपल्या विहिरीपाशी येऊन पडले. मी अंगणातले पापड गोळा करत होते. अर्धे बहुतेक उडून पार पलीकडच्या किल्ल्यावर पोचले असतील. आई देवापुढे बसून देवाला हाका मारत होत्या आणि मधूनमधून मला शिव्या घालत होत्या, आधी आत ये म्हणून.

आता खरं सांगते. बाग आडवी झाली. गेल्या सुट्टीत तू लावलेल्या राजेळी केळींतलं एकही झाड उभं नाही. घड भरलेले होते ना, त्यांच्याच वजनाने खोडं मोडली. हितेशभावजींनी त्यांची केळी आधीच उतरवली होती, बाबांनाही सांगून गेले होते. बाबा ऐकतात होय! धनेशने लावलीत, पहिला घड तोच कापेल, म्हणून हटून बसले. जास्तीचे टेकू लावले, दोऱ्या बांधल्या, रोज सकाळी घडांवरून हात फिरवून यायचे. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं रे.

पाऊस थांबल्यावर ते बांधावर जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "विनया, त्याला सांगू नको. बाग नाय राहिली, तर तो कशाला येल?" मला रडूच आलं. तेव्हापासून तुझा फोन आला की ते बाहेर निघून जातात. काल तू विचारलंस, मी नोकरी सोडून बाग बघायला येतोय म्हणून बाबा रागावलेत का. ते दाराबाहेरच कान देऊन उभे होते, मी काय बोलणार? हेलनमावशींचा ॲल्रॉय उद्या मस्कतला परततोय, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतेय.

कंपनी तुला अजून दोन वर्षं थांब म्हणतेय, आणि हे वाचून तू थांबशील, इतकी मी तुला ओळखते. थांबू नकोस. कंद जमिनीत शाबूत आहेत, बुडातून नवे मुनवे फुटतील, तोवर माझ्या पगारात घर चालेल. पण आपल्या हट्टापायी तुझं येणं राहणार, असं बाबांना वाटतंय, आणि ते त्यांना आतून खातंय. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर आणि बाबांनाच बोलाव. सांग त्यांना, मला सगळं कळलंय, तिकीट काढलंय, आणि मी बागेसाठी नाही, तुमच्यासाठी येतोय. माझ्यासाठीही येतोयस, ते मात्र मला एकटीला सांग.

वाट बघणारी, तुझीच,
विनया