पासवरची पाहुणी

ता. ४

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. मी आले नाही, पण विमानात बसले होते गं.

तू सांगितलंस तसंच केलं. तुमच्या विमान कंपनीच्या पासवरचा पाहुणा म्हणजे तिकीटवाले सगळे बसले आणि जागा उरली, तर आपण. चप्पल नाही, बूट घातले. काउंटरवर काही विचारलं नाही. सकाळच्या विमानात शेवटची जागा मिळाली, पट्टासुद्धा लावला. मग एक बाई आल्या आणि हळूच म्हणाल्या की तिकीटवाला प्रवासी आलाय, तुम्हाला उतरावं लागेल. पट्टा सुटेना, तो त्यांनीच सोडला. सगळे बघत होते, जसं काय मी चोरून बसले होते. शाळेतल्या शेवटच्या दिवशी शब्द फुटेना म्हणून फळ्यापुढे नुसती उभी होते आणि वर्ग बघत होता ना, तसं झालं.

मागे तुझ्या पासवर जाताना मामा काउंटरवर भांडले, तसं भांडले नाही, तुझे पास बंद होतील म्हणून. सरळ घरी आले. आईला सांगितलं, विमान चुकलं. तुझ्या बाळाचे कपडे बॅगेत, आणि बॅग विमानात गेली.

रागावू नकोस. आहेस तशीच माझी राहा.
घुमी

ता. ९

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

बॅग पोचली. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर एकटीच गोल फिरत होती. तुझ्या इस्त्रीच्या घड्या मोडल्या नाहीत, मीच मोडले.

अगं वेडे, घरी का गेलीस? उतरवलं की आपलं नाव आपोआप पुढच्या विमानाला लागतं. दुपारचं विमान अर्धं रिकामं आलं. तिथला काउंटरवाला तुझं नाव पुकारून पुकारून दमला. सगळं सांगितलं आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं. मला वाटलं, हे काय सांगायचं. कामावर असले की मी रोज कुणाला तरी असंच उठवते, सॉरी म्हणते आणि विसरते.

वीस तारखेला माझी रजा संपते. तुझे भाऊजी रात्रपाळी करून दिवसा मेल्यासारखे झोपतात. तू आली नाहीस तर बाळापायी नोकरी सोडावी लागेल. अजून एक पास उरलाय. शनिवारी ये. उतरवलं तरी तिथेच बसून राहा. नाव पुकारलं की नुसता हात वर कर, बोलू नकोस हवं तर.

आईला जप. माया आहेच, दम तेवढा उरलेला नाही.
तुझी ताई

ता. १३

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विमानाने मी येत नाही. तुला पहिल्यांदाच नाही म्हणतेय, तेही कागदावर.

उद्याच्या बसने निघते. दोन दिवस लागतील, पाय सुजतील, पण वीसच्या आत पोचते. लॉन्ड्रीतून सुट्टी घेतली. आई सारखी म्हणते, फुकटचं विमान सोडून ही बसने निघाली, डोकं फिरलंय पोरीचं. फिरू दे.

तिकीट मी स्वतः काढलं. खिडकीजवळची जागा द्या म्हटलं. त्या माणसाला ऐकूच गेलं नाही, तर पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मागचे लोक बघायला लागले. बघू देत. आता तिकिटावर नंबर आहे. मी झोपले तरी मला तिथून कुणी उठवणार नाही.

पास आईसाठी ठेव. मामांना मात्र देऊ नकोस.

हे पत्र आणि मी बहुतेक एकाच दिवशी पोचू. पत्र आधी आलं तर दाराकडे लक्ष ठेव. मी आधी आले तर माझ्यासमोर वाचू नकोस, मला लाज वाटते.

तुझीच,
घुमी