बर्फाला कोणता कायदा

आबा, आज मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून लिहावं लागतंय. तुमची वनरक्षकाची खाकी आता माझ्या अंगावर आहे. तुम्ही म्हणायचात, पोरगी घाबरट आहे, हिला हे झेपायचं नाही. खरं सांगू? ती भीती गेली नाही, उलट वाढलीय.

माझं आठवीतलं भाषण आठवतं का? पांढऱ्या अस्वलावरचं. तुम्ही ड्युटीवरून येऊन ओट्यावर बसलेले, आणि मी हातवारे करत ऐकवतेय: समुद्रावरचा बर्फ वितळतोय, अस्वल त्या बर्फावरूनच सील पकडतं, म्हणून अमेरिकेनं त्याला कायद्याचं संरक्षण दिलं. मला वाटलं, आता पाठ थोपटाल. तुम्ही बुटाची नाडी सोडता सोडता विचारलंत, "अस्वलले कायदा शे, चांगलं शे. पन बर्फले कोनता कायदा शे?" मी अशी चिडले! म्हटलं, आबा, तुम्हाला काही कळत नाही. बाईंनी लिहून दिलेल्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं ना. बक्षीस मिळालं, पण तुम्हाला उत्तर काही दिलं नाही.

काल आपल्या कळसाडीच्या शिवारात ऊसतोड चालू होती. तोड कडेकडून आत सरकते आणि शेवटी मधे खोलीएवढा ऊस उरतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्या उरलेल्या उसात बिबट्याचे तीन बछडे निघाले, डोळेही नीट न उघडलेले. बिबट्याला कायदा आहे, चांगला कडक आहे. पण तो ज्या उसात राहतो त्या उसाला नाही. कारखान्याची गाडी बांधावर उभी. शेतकऱ्याच्या हातापाया पडून मी एक दिवस मागून घेतला, साहेबांना फोन केला आणि बछडे क्रेटमध्ये घालून जागच्या जागी ठेवले, म्हणजे अंधार पडल्यावर मादी येऊन नेईल. निघताना तोडणीवाली एक बाई आडवी आली. बैलगाडीखालच्या झोळीत तिचं तान्हं निजलेलं. "ताई, तिना पिल्लासले कायदा शे. मन्ही पोरले काय शे?" तुम्ही दिलेली घुंगरांची काठी तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, पाण्याला जाताना वाजवत जा. एवढंच सुचलं.

आज सकाळी क्रेट रिकामा होता. पंजांचे ठसे बांधापर्यंत, पुढे डांबरी रस्ता. सगळे खूश. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, मादी पिल्लं घेऊन सातपुड्याकडे गेली, आता घाबरू नका, पोरांना खुशाल शाळेत पाठवा. कुठला सातपुडा, आबा! मधलं सगळं रान उघडं पडलंय, एवढ्या लांब ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेणार कशी? तोडायचा ऊस आता एकच उरलाय, आपल्या घरामागचा; ती तिथेच शिरली असणार. सोमवारी त्याचीही तोड आहे. त्यानंतर ती कुठे जाईल?

हे पत्र घडी करून तुमच्या जुन्या टोपीत ठेवते. आणि आणखी एक. गावातली सगळी पोरं आज शाळेत गेली. तुमची नात, माझी लेक, गेली नाही. तिला ताप आहे असं मी बाईंना कळवलं. ताप नाहीये, आबा.