पडलं की फोन

३ मार्च
दुपारी कॉम्प्युटरचं मशीन बंद पडलं. बुद्धिबळात माझा वजीर नेमका चांगल्या जागी बसला होता. आदूला निरोप टाकला. बंगळुरात ऑफिसात असेल, संध्याकाळी बघेल म्हटलं, तर लगेच फोन.
"पप्पा, टेंपरेचर किती दाखवत हुतं?"
पंच्याण्णव म्हटलं.
"आधी झाकण काढा."
काढलं. आत साखर कारखान्याची काजळी. सीझन संपत आला तरी चिमणीतून पडतेच आहे. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आता प्रोसेसरच्या पंख्यातही. ब्रशनं झाडून काढली. तोवर आदू फोनवर होता. आवाज जड वाटला, सर्दी झाली असावी. विचारायचं राहिलं.

४ मार्च
टे. ७२ च्या वर जात नाही. टेस्ट लावली, दुपारभर चाललं. आ. ला फोटो पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा.

११ मार्च
मशीन उत्तम. म्हणून आ. चा फोन नाही.
ही होती तेव्हा रोज यायचा, पण हिच्या मोबाईलवर. पलीकडून शेवटी ऐकू यायचं, "पप्पांना सांग." मी मान हलवायचो, ही सांगायची, "हलवली मान." बापलेकांचा व्यवहार एवढाच. ही गेल्यावर मधला माणूसच उरला नाही. भांडण वगैरे काही नाही. नुसतं काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नाही. कॉम्प्युटर बिघडला की मात्र दोघांनाही वाचा फुटते.

१५ मार्च
शेजारचे माने आले. एसटीतून रिटायर. वरच्या खोलीतला आवाज ऐकून, "सर, ह्यी काय पिठाची गिरणी काढलीया व्हय?"
समजावलं. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं आणि तरी पडू द्यायचं नाही, हा खेळ. आदूनं कॉलेजात असताना जुळवलं, वेगाचा आकडा ४६ वर लावून दिला. कंपनीचे ४०.
"आन् एवढं पळवून करतासा काय?"
बुद्धिबळ खेळतो म्हटलं.
"मग बैलगाडीनं गेला तरी चालंल की."
खरं आहे. मग माझ्यासमोरच त्यांनी जयसिंगपूरला मुलाला फोन लावला. "काय करालाईस? आमटी कशाची केलीया?" तिथून जे सुरू झालं ते चहा पिऊन कप विसळून झाले तरी चालूच. विषय काही नव्हता. मला हे येत नाही. हेवा वाटला.

१७ मार्च
४६ चं ४८ केलं. व्होल्टेज तसंच ठेवलं. चहाला उकळी फुटायच्या आत मशीन पडलं, समोर निळा पडदा. फोटो काढून पाठवला. फोन आला.
लिहायला लाज वाटते, पण आनंद झाला.

२८ मार्च
आता हात बसला. ४८ वर लगेच पडतं, ते उपयोगाचं नाही, आ. ला शंका येईल. ४७, आणि व्हो. किंचित कमी. सकाळी नीट चालतं, उन्हं चढून पत्रा तापला की पडतं. मशीन स्थिर कसं ठेवायचं ते इंटरनेटवर ढिगानं आहे. बेतानं अस्थिर ठेवायची विद्या माझी मीच काढली. जन्मभर गणित शिकवलं, कुठंतरी उपयोगी पडलं.
पण आठवड्यातून एकदाच. रोज मरे त्याला कोण रडे.
आज आ. नं मध्येच विचारलं, "जेवलासा का?" व्हय म्हटलं. मेसचा डबा तसाच होता. मग बसून खाल्ला.

१२ एप्रिल
आ. काळजीत. "चिप म्हातारी झाली असंल पप्पा. लई वर्षं पळवली की झिजती." चिप गार ठेवायला नवा कूलर पाठवतो म्हणाला. नको म्हटलं, दोनदा म्हटलं. ऐकत नाही. आईवर गेलाय.

१८ एप्रिल
कूलर आला. विटेएवढं धूड. व्हिडिओ कॉल लावून बसवला, मोबाईल डब्याला टेकवून. चिपवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावायची होती, तर मी थालीपिठावर लोणी फासावं तशी फासली. आ. इतका हसला, इतका हसला की खोकला लागला. "वाटाण्याएवढी पप्पा, वाटाण्याएवढी!" सगळी पुसून परत लावली. मग स्क्रू. "एकाच बाजूचं आवळू नका. समोरासमोरचं थोडं थोडं."
त्याच्या मागं भिंतीवर हिचा फोटो आहे. लावलाय हे मला माहीत नव्हतं.
फार चांगला दिवस. हिला सांगायला पाहिजे होतं.

१९ एप्रिल
पंचाईत. नव्या कूलरनं मशीन इतकं गार की ४७ वर पडेना. व्हो. पहिल्यासारखं करून ४८ केलं, तर तिथंही पडेना. पोरानं मनापासून इलाज केला आणि माझा आजारच गेला.

२६ एप्रिल
व्हो. बरंच खाली ओढलं तेव्हा पडलं एकदाचं. आ. ला कळवलं. म्हणाला, "बायोसच्या स्क्रीनचा फोटो पाठवा." मी चष्मा लावून, चारी कोपरे नीट बसवून, एकदा हलला म्हणून परत काढून, स्वच्छ फोटो पाठवला. मी टाकलेले वेगाचे, व्होल्टेजचे आकडे त्यात ठळक. गेल्यावर उमगलं.
"पप्पा, व्होल्टेज कुणी कमी केलं?"
आपोआप झालं असेल म्हटलं.
"आपोआप हुत न्हाई, पप्पा."
त्याच्याकडं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. "बघतो," म्हणून ठेवला.

३० एप्रिल
फोन नाही. निरोप आला: "सगळं मूळ सेटिंगवर टाका. परत कधी त्रास होणार नाही."
अजून टाकलं नाही. मशीन चालूही केलं नाही. मान्यांनी जिन्यातून विचारलं, "गिरणी बंद का वं?" पंखा फिरत होता तोवर घर एवढं गप्प आहे हे कळत नव्हतं.

४ मे
टाकलं. ४०. कंपनीला जसं पाहिजे तसं. टेस्ट लावायचीही गरज नाही, हे पडणारच नाही. सकाळी कळंबा तलावाला फेरी मारली. पाणी बरंच खाली गेलंय. कुणी ओळखीचं भेटलं नाही.

९ मे
आ. चा फोन. मशीन धडधाकट असताना. घाबरलोच, काय झालं रे म्हटलं.
"काय न्हाई. असाच केला."
मला मान्यांचं आठवलं. विचारलं, "आमटी कशाची केलीस?"
"मी मेसला जेवतो, पप्पा."
मीपण, म्हटलं. हसला. मग म्हणाला, "एकोणपन्नास कधी लावून बघितलासा का?"
नाही म्हटलं. पडेल.
"रविवारी लावा. व्होल्टेज किती ते पाठवतो. पडलं की फोन करा."

११ मे, रविवार
अंघोळ करून बसलो. ४९. व्हो. त्यानं सांगितलं तेवढंच, माझी अक्कल घातली नाही. टेस्ट सुरू. माने डोकावले, "झाली वाटतं चालू?" झाली म्हटलं.
दुपार. टे. ८४. पत्रा तापलाय. खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. दोनदा चहा झाला. डबा इथंच वर आणून खाल्ला. मोबाईल कीबोर्डशेजारी.
चार वाजून गेले. अजून पडलेलं नाही.
पडलं की फोन करा म्हणाला. नाही पडलं तर काय करायचं, ते विचारायचं राहिलं.