आंघोळ घातलेल्या बॅटऱ्या

२७ सप्टेंबर, शनिवार
कळसचे बापूराव शेवटी हो म्हणाले. त्यांच्या द्राक्षबागेची फळछाटणी आमच्या बायकांच्या टोळीला, बॅटरीवरच्या कात्र्यांनी. दसरा झाला की रविवारी. त्यांचा थोरला भाऊ मध्येच, "बाई आन् बॅटरी, दोन्हीचा भरवसा न्हाय." माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "तात्या, दिवस मावळायच्या आत बाग झाली न्हाय तर परत कळसला पाय ठेवणार न्हाय." बोलून बसले. आता निस्तरा.
छाटणी एका दिवसातच पाहिजे. मागोमाग काडीच्या डोळ्यांना फुटीची पेस्ट लावणारी माणसं ठरलीत. निम्मी बाग मागं राहिली तर फूट पुढंमागं, त्यांचा हंगाम गेला. आणि शेजारचे बागाईतदार बघत बसलेत, आपली बाग आम्हाला द्यायची का जुन्या गड्यांच्या टोळीला.

२९ सोमवार
कात्र्या चार, बॅटऱ्या आठ. एक चालते तेव्हा दुसरी सावलीत गार होते. गार झाल्याशिवाय चार्जरला नाही, हिरवा दिवा लागला की काढायची, चुलीजवळ ठेवायची नाही. सांगून तोंड दुखलं. टोळीतल्या शालननं आज उन्हातली तापलेली तशीच चार्जरला लावली. झापलं. म्हणाली, "वैनी, पोटच्या लेकराला बी एवढं जपलं नसंल तुमी."
नसेल. पण तिची उजवी मूठ साध्या कात्रीनं कामातून गेलीय, तिलाच माहीत. ह्या कात्र्या आहेत म्हणून ती बागेत येते. नाहीतर घरीच बसली असती.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
इंदापूरला पाती धार लावायला गेले होते. आले तर आत्यांनी (सासूबाई) पूजा मांडलेली. पाटावर कोयता, विळा, खुरपी आणि ओळीनं आमच्या आठही बॅटऱ्या. चकचकीत. काही ओल्या. पितळी पट्ट्यांच्या खाचेत हळदकुंकू.
"तुजी हत्यारं न्हवं का ही," म्हणाल्या. "आंघोळ घातली. लई मळली हुती गं."
घमेल्यात साबणाचा फेस अजून तसाच.  मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी हलवत नाहीत, मी त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या उचलून बाहेर नेल्या.  आत्या जेवल्या नाहीत.
बारामतीच्या मेकॅनिकला फोन. "चार्जरला लावू नका. उन्हात न्हाय, तांदळात न्हाय. घराबाहेर मोकळ्यावर ठेवा. आन् बुडवल्या कुठल्या, नुसत्या पुसल्या कुठल्या, ते इचारा."
कुठल्या तोंडानं विचारू.

२ गुरुवार, दसरा
सकाळी एक पेटली.
अंगणात फरशीवर मांडल्या होत्या. आत्या तिथं सांडलेली झेंडूची फुलं उचलायला वाकल्या आणि त्यातली एक फुसफुसायला लागली. मी दंड धरून ओढलं, दोघीही पडलो. धूर, मग भकदिशी जाळ. कडब्याची गंज चार पावलांवर. शेजाऱ्यांनी वाळू ओतली. आत्यांचं कोपर सोलवटलं. 
हळद लावता लावता विचारलंच. "काही घमेल्यात बुडवल्या, काही फडक्यानं पुसल्या. कुठल्या कुठल्या, ध्यानात न्हाय." मग खाली बघून, "तू वरडलीस आन् माजं समदं इसरलं."
संध्याकाळी सोनं द्यायला त्याच आधी पुढं आल्या. पाया पडले. 

३ शुक्रवार
उरलेल्या सात वाळूच्या डब्यातून बारामतीला नेल्या. यष्टीत न्यायची छाती झाली नाही, ह्यांनी टेम्पो काढला. मेकॅनिकनं एकेक उघडली. दोनांत पाणी आणि कुंकवाचा लाल ओघळ, त्या त्यानं ठेवून घेतल्या. चार कोरड्या ठणठणीत. सातवी उलटीसुलटी करत बसला. "ओल दिसत न्हाय. पण मी हो म्हननार न्हाय. तुमचं तुमी बघा." नवीन माल मंगळवारी.
बाग रविवारी.

४ शनिवार
बापूरावांना सगळं सांगितलं. शालन म्हणत होती, गप बसा. ते हसले नाहीत, हेच नशीब. "पेस्टवाली सोमवारी वरकुट्याला जात्यात. जमत असंल तर या. न्हायतर आत्ताच बोला, जुनी टोळी बोलावतो."
येतो म्हटलं.
चार बॅटऱ्या, दुपारी बागेतल्या खोलीत चार्ज, पुन्हा काम. लाईट राहिली तर जमतं. सातवी आधीचीच भरलेली आहे. वापरायची नाही असं ठरवून वाळूच्या डब्यात घालून पिशवीत भरली. मग भरली कशाला, ते माझं मलाच कळत नाही.

५ रविवार, कळस
दुपार. जेवणाआधीच लाईट गेली. आली नाही. तीन कात्र्या बंद, चौथी शेवटच्या दिव्यावर. उगवतीकडचा तुकडा सगळा उभाय. पेस्टवाली माणसं बांधावर तंबाखू मळत बसलीत. बापूराव नुसते येरझाऱ्या घालतायत. शालननं साधी कात्री घेतली. थोड्या वेली केल्या आणि मूठ उघडेना. डाव्या हातानं बोटं सोडवत होती.
आत्या भाकरी घेऊन आल्या. कुणी काही सांगायच्या आधी त्यांनी सगळं बघितलं आणि माझ्या पिशवीतून सातवीचा डबा काढला. सगळ्या बायकांपुढं म्हणाल्या, "ही पुसल्याली हाय. आठवलं मला. कोपऱ्याला चीर हाय, तितं फडकं अडाकलं हुतं."
चीर आहे. पण ती त्यांनी बुधवारी पुसताना बघितली का आत्ता, कोण सांगणार. आणि चिरीतून पाणी जातंच की. नको म्हटलं तर त्या खोटं बोलतात असं चारचौघांत म्हटल्यासारखं. एकदा बोलले तेवढं पुरे झालं.
पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला आलेय. बॅटरी मांडीवर. कोमट लागते. उन्हानं का आतून, कळत नाही. शालन कात्री घेऊन जवळ उभी आहे, म्हणते, "वैनी, द्या हिकडं, मी लावते." द्यायची तर तिच्या त्याच, मूठ न उघडणाऱ्या हातात द्यायची.
आत्या माझ्या तोंडाकडं बघत नाहीत. हाताकडं बघतायत.