काचेच्या कडेची रेघ

आई, आज माझी बोबडी वळली, आणि हे कुणाला सांगावं म्हटलं तर तूच आठवलीस. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी पोटासाठी काय करते हेही तुला ठाऊक नाही. मी टचस्क्रीनची सर्किटं आखते. सध्याचं काम म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारा पाळणा. त्याच्या पडद्यावर सिस्टरनी बोट टेकवलं की तापमान वाढतं किंवा उतरतं. त्या काचेच्या कडेला, काळ्या पट्टीखाली, केसाहून बारीक चांदीच्या रेषा असतात. दोन रेषांच्या मध्ये जमिनीला जोडलेली एक तिसरी रेघ ठेवायची, म्हणजे ओल शिरलीच तर वीज शेजारणीकडे न जाता जमिनीत उतरते. पण आमच्या साहेबांना पट्टी नाजूक हवी होती. "मॅडम, ही पट्टी आहे की पेपरातल्या निधनवार्तेची चौकट?" सगळे हसले, मीही हसले, आणि मधली रेघ काढून टाकली.

आज दुपारी ते यंत्र पाहुण्यांना दाखवायला मांडलं होतं, आत प्लास्टिकची बाहुली निजवून. शनिवार पेठेतल्या एका रुग्णालयाच्या सिस्टर आल्या होत्या. त्यांनी सवयीनं जंतुनाशकाच्या बोळ्यानं पडदा पुसला आणि त्या बाजूला झाल्या. थोड्या वेळानं आकडा चढायला लागला. कुणाचंही बोट पडद्यावर नव्हतं गं! आम्ही सगळे आ वासून बघतोय आणि आकडा आपला एकेक पायरी वर जातोय. काचेखाली ओल झिरपली होती, दोन रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि यंत्राला वाटत होतं की कुणीतरी 'वाढवा'वर बोट दाबून धरलंय. साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्या ताडकन म्हणाल्या, "अहो, मी नुसतं पुसलं. पुसायचं नाही, तर काय ओवाळायचं?" आणि मग त्यांचाच चेहरा उतरला. "आमच्याकडे चाचणीला दिलाय त्या पाळण्यात तर बाळ आहे."

वॉर्डातला फोन कुणी उचलेना. रिक्षात सिस्टर सारखा नंबर फिरवत होत्या आणि मी शेजारी बसून सिग्नल मोजत होते. एवढी भीती मला तुझ्या आजारपणातही वाटली नव्हती. पोचलो तेव्हा पाळणा शांत होता, आकडा जागच्या जागी. सिस्टरांनी बाळाला जुन्या पाळण्यात हलवलं आणि मी भिंतीतला प्लग ओढून काढला. काचेची कड अजून ओलसर होती, नुकतीच पुसलेली. बाळानं मोठी जांभई दिली. त्याची आई विचारत होती, "काय झालं ताई? काही चुकलं का?" मी प्लगची वायर गुंडाळत राहिले. सिस्टरांनीच तिला सगळं समजावून सांगितलं.

आणि मला आपलं नारायण पेठेतलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी तुला विचारतेय, तुमच्या खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या शेड इतक्या लांब लांब का असतात? तू कणकेचे गोळे ओट्यावर दूर दूर ठेवतेस, मधे कोरड्या पिठाचे ढीग रचतेस. "हे मातीचे बांध. इकडे पेटलं तर तिकडे कळता कामा नये." बाबा दारातून डोकावतात, "आज पोळ्या मिळणार आहेत, की लढाई संपल्यावर?" शेडच्या दारात बांगड्या, मंगळसूत्र, केसांतल्या पिना उतरवायच्या, तांब्याच्या पट्टीला तळवा टेकून अंगातली वीज जमिनीत सोडायची, मगच आत पाऊल टाकायचं. ती सवय तुझ्यामागे घरापर्यंत यायची. मी मिठी मारायला धावले की तू म्हणायचीस, "थांब." आधी मोरीतल्या लोखंडी नळाला हात, मग मी. फार राग यायचा मला त्या नळाचा.

रुग्णालयातूनच साहेबांना फोन केला. सोमवारी निघायचा माल निघणार नाही, मधली रेघ परत येणार, त्याशिवाय मी सही करणार नाही. साहेब म्हणाले, "पट्टी जाड दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं, आणि तिथेच जिन्यात बसून रडले.

हे लिहून ड्रॉवरमध्ये टाकणार आहे, तुझा पत्ता कुणाकडे मागू? एक तेवढं सांगायचं राहिलं. संध्याकाळी दार उघडलं तर तुझी नात धावत आली, हात पसरून. मी म्हटलं, "थांब." तिचा चेहरा एवढासा झाला. मी बेसिनपाशी गेले आणि नळावर तळवा टेकवून उभी राहिले. हल्लीचे पाइप प्लास्टिकचे असतात आई, त्यांतून जमिनीत काही म्हणता काही उतरत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी हात थरथरायचा थांबेपर्यंत मी तो तिथून काढला नाही, आणि मगच तिला जवळ घेतलं.