ज्योत्स्नाच्या हळदीतले ‘न्हाई’

सौ. नागुबाईस,

तुझ्या नावाआधी ‘कै.’ लिहिणे नियमाला धरून झाले असते. आज ते लिहवत नाही.

आपल्या ज्योत्स्नाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट बुरशीने चिकटली होती. नांदेडच्या एका दुकानातील बाईंनी ती स्वच्छ करून संगणकावर उतरवली. पडद्यावर हळदीचा मांडव आला आणि अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकू आला. तू जावेला सांगत होतीस, “अगं गप बस, गुरुजी येऊन राहिले! एक ‘न्हाई’ म्हटलं की फुटपट्टी काढतेत.”

बायका खळखळून हसल्या. मग चित्रात मी आलो आणि तू पदर तोंडाशी नेऊन गप्प झालीस.

शाळेतल्यासारखे घरीही तुझे प्रत्येक ‘न्हाई’ मी ‘नाही’ असे सुधारत गेलो आणि तू मितभाषी आहेस, असे लोकांना सांगत आलो. अख्खा मांडव हसवणारी ही बाई माझ्याच घरात राहत होती! तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा ऐकला.

दुकानातल्या बाईंनी विचारले, “काका, मधी बायकांची बडबड हाय. ती काढून सनई टाकू का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

तो शब्द येथेही दुरुस्त केलेला नाही.

तुझा,
नरसिंग