ऑपरेशनआधीचं दूध

पिंपरी, मार्च १९५७

तीर्थस्वरूप अक्कास भैरूचा दंडवत.

मी कामावर जातो, दोन घास खातो. दाजींचा खोकला थांबला का?

तुझी भावजय द्वारकी कशी गेली विचारलंस, म्हणून लिहितो. दवाखान्यात पोटातली गाठ काढायची होती. सकाळी म्हणाली, "अंगात बळ न्हाई." सोबतीला आलेल्या शेजारच्या रहिमाबींनी मायेनं पेलाभर दूध पाजलं. भुलीत उलटी झाली, दूध छातीत गेलं. ती शुद्धीवर आलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, "भुलीआधी पोट रिकामं लागतं."

"मग आदी का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.



आता तिथली नर्स प्रत्येक खाटेपाशी जाऊन बजावते म्हणे. बरंच झालं, पण द्वारकी गेल्यावर.

रहिमाबींनी अन्न टाकलंय. त्यांना बोल लावू नकोस, अक्का. एवढं एक वाक्य सांगायला दवाखान्यात कुणाचं तोंड झिजलं असतं?

तुझा,
भैरू